केएफटीचा (किडनी फंक्शन टेस्टचा) रिपोर्ट हातात आला, आता पुढे? किडनीच्या तपासण्या करून घेण्याची आणि वाचण्याची रीत

मुंबईत किडनीची तपासणी करून घेणं आता अजिबात अवघड राहिलेलं नाही. दादर असो की डोंबिवली, स्टेशनबाहेर पडलं की लॅबच्या पाट्या दिसतात. सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातात, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. माणूस रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात छापलेला आकडा शोधतो. तसा एकही नसला की ‘किडनी ओके’ म्हणून फाइल कपाटात, आणि क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४ दिसलं की घरात थेट डायलिसिसची चर्चा. दोन्ही चुकीचं.

किडनी तक्रार करत नाही. निम्म्याच्या आसपास काम कमी होईपर्यंत क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतं. म्हणून एका आकड्यावर विसंबू नका. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज), लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आणि तुमचे जुने रिपोर्ट, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तरच चित्र दिसतं. हा सगळा लेख त्याच क्रमाने आहे.

तपासणी कोणी करायची

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा, काही त्रास नसला तरी. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून सुरुवात करायची. टाइप १ मध्ये साधारण पाच वर्षांनंतर. शिवाय घरात कुणाला किडनीचा आजार असेल, वारंवार खडे होत असतील, गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, किंवा कुठल्याशा वैद्याकडून आणलेली भस्मं पोटात जात असतील, तर त्यांनीही.

लॅबला काय सांगायचं? नुसतं ‘केएफटी करा’ म्हटलं तर युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, क्वचित सोडियम-पोटॅशियम एवढंच होतं. लघवीतलं अल्ब्युमिन त्यात बहुतेक वेळा नसतं. स्वस्त पॅकेजांमध्ये नेमकी हीच तपासणी गळालेली असते आणि मधुमेह्यांना तीच सर्वात जास्त हवी असते. म्हणून तोंडाने मागायची: क्रिएटिनिन ईजीएफआरसह, लघवी रुटीन आणि लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. खासगी लॅबचा खर्च झेपत नसेल तर महापालिकेच्या केईएम, नायर, शीव, कूपर या रुग्णालयांत या तपासण्या होतात. खासगी लॅब निवडताना एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे का, एवढं जरूर बघा.

नमुना देण्याआधीचे दोन दिवस

क्रिएटिनिनसाठी उपाशी राहणं बंधनकारक नाही, पण आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त देऊ नका. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन मिळतं आणि आकडा काही तासांसाठी वर जातो. जिममध्ये जाणारी मुलं क्रिएटिनची पावडर घेत असतील तर तसं डॉक्टरांना सांगावं. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको. मॅरेथॉन धावून दुसऱ्या दिवशी दिलेल्या लघवीत प्रोटीन आणि रक्तपेशी दोन्ही सापडू शकतात. ताप असताना, मासिक पाळीत किंवा लघवीला जळजळ होत असताना एसीआर करू नका, पैसे वाया जातील.

पाणी नेहमीइतकंच प्या. ‘किडनीची टेस्ट आहे’ म्हणून सकाळी दोन लिटर पाणी पिऊन येणारे बरेच जण भेटतात. त्यांची लघवी इतकी पातळ होते की लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर प्रोटीन असूनही दिसत नाही. उलट लोकलमधून दोन तास प्रवास करणाऱ्या अनेक बायका बाहेर स्वच्छतागृहाची पंचाईत म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा दिवशी दिलेल्या रक्तात युरिया चढलेला येतो.

लघवी शक्यतो सकाळची पहिली द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत घ्यायची. डबी लॅबनेच दिलेली, कोरडी. घरातली लोणच्याची किंवा औषधाची बाटली धुऊन आणू नये. आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. मुंबईच्या उकाड्यात तीन-चार तास पिशवीत राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, पेशी आणि कास्ट (लघवीतल्या सूक्ष्म नळकांड्या) विरघळून जातात. मग मायक्रोस्कोपखाली जे दिसायला हवं ते दिसत नाही. घरून सॅम्पल घेणाऱ्या मुलाला विचारायला लाजू नका: बाबा रे, इथून अजून किती घरं करून लॅबला जाणार?

क्रिएटिनिन: तोच आकडा, वेगवेगळी माणसं

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. गाळणी मंदावली की रक्तात साचतं. रिपोर्टमध्ये पुरुषांसाठी साधारण ०.७ ते १.३ आणि स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी चौकट छापलेली असते. लॅबनुसार थोडा फरक पडतो.

खरी गंमत पुढे आहे. अंधेरीतला २८ वर्षांचा तरुण आणि गिरगावातल्या ६८ वर्षांच्या आजी, दोघांचंही क्रिएटिनिन १.१ आलं असं समजा. दोन्ही रिपोर्टवर एकही आकडा ठळक नाही. पण ईजीएफआर काढण्याच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात वय आणि लिंग घातलं की तरुणाचा ईजीएफआर ९४ च्या आसपास निघतो आणि आजींचा ५५. म्हणजे ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन असूनही आजींच्या किडनीकडे लक्ष द्यायला हवं. स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं, आणि गाळणी मंदावलेली असूनही आकडा साधा दिसतो.

ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा अंदाज. त्यावरून टप्पे ठरतात: ९० किंवा जास्त जी१, ६० ते ८९ जी२, ४५ ते ५९ जी३ए, ३० ते ४४ जी३बी, १५ ते २९ जी४ आणि १५ पेक्षा कमी जी५. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जी१ किंवा जी२ म्हणजे आजार नव्हे. ७५ ईजीएफआर असलेल्या माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन नसेल आणि सोनोग्राफी ठीक असेल तर त्याला किडनीचा जुनाट आजार आहे असं म्हणत नाहीत. रिपोर्टवर ‘स्टेज २’ छापलेलं बघून रात्रभर न झोपणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

हा अंदाज कुठे फसतो तेही कळायला हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर स्त्रियांना, पाय कापलेल्या रुग्णांना, पिळदार शरीरवाल्यांना आणि अगदी कृश माणसांना हे सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. गरोदरपणात क्रिएटिनिन मुळातच खाली येतं, त्यामुळे तिथे १.० हा आकडासुद्धा डॉक्टरांना विचारण्यासारखा. शाकाहारी, बारीक अंगकाठीच्या माणसात ईजीएफआर वास्तवापेक्षा चांगला दिसू शकतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी करतात. तिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही. महाग आहे, सगळ्यांनी करायची गरज नाही.

पद्धतीचाही प्रश्न आहे. क्रिएटिनिन मोजायला बऱ्याच लॅब अजून जाफे पद्धत वापरतात. मूळ रासायनिक क्रिया १८८६ सालची, स्वस्त आणि भरवशाची, पण रक्तातले कीटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं तिला फसवतात, तर कावीळ असेल तर आकडा कमी येऊ शकतो. एन्झायमॅटिक पद्धत या बाबतीत चांगली. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली असते. एका लॅबमध्ये ०.९ आणि महिन्याने दुसऱ्या लॅबमध्ये १.० आलं तर किडनी बिघडली असं समजू नका. एवढा फरक पद्धतीचा आणि रोजच्या चढउताराचाच असतो. तुलना करायची तर लॅब तीच ठेवा.

औषधंही आकडा हलवतात. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक घेताना क्रिएटिनिन किंचित चढतं, प्रत्यक्ष गाळणी तशीच असते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल सुरू केल्यावर आकडा थोडा वाढतो. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण ही औषधं पुढे किडनीला जपतात. मात्र सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासायचं असतं. ‘आकडा वाढला’ म्हणून स्वतःच गोळी बंद करणारे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात.

युरिया आणि बीयूएन

यात फार अडकू नका. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी मोजलेली (बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन): बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. एका लॅबचा बीयूएन १४ आणि दुसरीचा युरिया ३० पाहून ‘दुप्पट झालं’ म्हणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. क्रिएटिनिन साधारण ठीक आणि युरियाच चढलेला असेल तर शरीरात पाणी कमी, जेवणात प्रोटीन जास्त, स्टेरॉइड चालू, किंवा पोटात आतून रक्तस्राव यांपैकी काहीतरी असू शकतं. बीयूएन क्रिएटिनिनच्या वीसपटीहून जास्त असेल तर डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. काळं, डांबरासारखं शौच होत असेल तर मात्र वाट बघू नका.

लघवी: सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित

रुटीन तपासणीत पट्टी आणि मायक्रोस्कोप असे दोन भाग. पट्टीवर प्रोटीन ‘ट्रेस’ किंवा ‘१+’ आलं तर आधी स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, बघा. ती १.०२५ च्या पुढे असेल तर लघवी दाट होती, थोडं प्रोटीन दिसणं स्वाभाविक. १.००५ च्या खाली असूनही प्रोटीन दिसत असेल तर ते गांभीर्याने घ्या. पट्टीची आणखी एक मर्यादा: ती मुख्यत्वे अल्ब्युमिनच ओळखते. मायलोमासारख्या (रक्तपेशींचा एक कर्करोग) आजारातली हलकी प्रथिनं तिला दिसत नाहीत.

मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीत साखर ‘३+’ येते, रक्तातली साखर उत्तम असली तरी. औषधाचं कामच ते आहे, साखर लघवीतून बाहेर टाकणं. यावरून गोळ्या बदलायला जाऊ नये.

मायक्रोस्कोपखाली लाल पेशी, पू पेशी, कास्ट आणि स्फटिक बघतात. कास्ट म्हणजे किडनीच्या नलिकांत तयार झालेल्या सूक्ष्म नळकांड्या. साधे हायलाइन कास्ट निरोगी माणसातही दिसतात. लाल पेशींचे कास्ट दिसले तर गाळणीलाच सूज आहे. पांढऱ्या पेशींचे असतील तर जंतुसंसर्ग किडनीपर्यंत पोचलेला असू शकतो. मातकट तपकिरी कणांचे कास्ट नलिकांना इजा झाल्याचं सांगतात. यंत्राने केलेल्या तपासणीत हे निसटू शकतं. म्हणून लघवीत रक्त आणि प्रोटीन दोन्ही येत असतील तर अनुभवी डोळ्यांनी ताजी लघवी बघणं महत्त्वाचं. पट्टीवर रक्त ‘३+’ आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी शून्य, असं आलं तर स्नायूंची मोडतोड किंवा रक्तपेशी फुटणं याचा विचार होतो. अचानक अतिव्यायाम केलेल्या तरुणाची चहाच्या रंगाची लघवी ही यातली नेहमीची गोष्ट.

आता एसीआर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. लघवी पातळ असो की दाट, क्रिएटिनिनशी भागाकार केल्याने तो फरक निघून जातो. एकदा वाढलेला आला की लगेच शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ते खरं मानतात. मधुमेहात क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी हा आकडा हलतो. याच काळात औषधांचा सर्वात जास्त उपयोग होतो, म्हणून या तपासणीवर माझा एवढा जोर.

२४ तासांची लघवी आता कमी मागवतात, पण खड्यांच्या तपासात लागते. पद्धत नीट समजून घ्या: सकाळी सातला उठून पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीचीसुद्धा, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवी कॅनमध्येच घ्यायची. एकदा जरी कमोडमध्ये गेली तर सगळं परत करा. रविवारी करणं सोयीचं. ऑफिसला कॅन कोण नेणार?

पोटॅशियम आणि बाकीचे क्षार

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५.१. हा आकडा फसवाही आहे आणि धोकादायकही. रक्त घेताना मूठ वारंवार आवळली, ट्यूबमध्ये पेशी फुटल्या किंवा रक्त वेगळं न करता तासन् तास पडून राहिलं, तर पोटॅशियम खोटंच चढतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर रक्त पुन्हा द्या. पण किडनीच्या रुग्णाचं खरोखर ६ च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढायचा, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईजीएफआर बराच कमी असलेल्या माणसाला प्रेमाने रोज नारळपाणी पाजणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचावं: त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

बायकार्बोनेट, कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) आणि हिमोग्लोबिन हे पुढच्या टप्प्यांत लागतात. किडनी एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी तयार करायला लावणारं हार्मोन) बनवायची कमी झाली की रक्त कमी होतं, त्यामुळे कारण न सापडणाऱ्या ॲनिमियातही क्रिएटिनिन तपासून घ्यावं.

आकडे एकत्र ठेवले की काय दिसतं

दहा वर्षांचा मधुमेह, डोळ्यांच्या पडद्यावर बदल, एसीआर ४५० आणि ईजीएफआर हळूहळू घसरत ५०: हा मधुमेहाचा किडनीवरचा परिणाम. त्याच माणसाच्या लघवीत अचानक लाल पेशींचे कास्ट आले किंवा आकडा काही आठवड्यांत कोसळला, तर मधुमेहावर बोट ठेवून मोकळं होऊ नये. दुसरा आजार शोधावा लागतो, कधी बायोप्सी, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं, लागते.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन, रक्तात अल्ब्युमिन कमी आणि कोलेस्टेरॉल चढलेलं: हा नेफ्रोटिक सिंड्रोम. लहान मुलांत बहुधा औषधाने उतरणारा. मोठ्यांत कारणं वेगळी. बिनलेबलची गोरेपणाची क्रीम वापरत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यातल्या पाऱ्याने असा आजार होतो. याउलट लाल किंवा कोलासारखी लघवी, वाढलेला रक्तदाब आणि लाल कास्ट म्हणजे गाळणीची दाहक सूज. इथे सी३, एएनए यांसारख्या रोगप्रतिकारशक्तीच्या रक्ततपासण्या पुढे येतात आणि दिवस मोजून हालचाल करावी लागते.

लघवीत पू पेशी पुन्हा पुन्हा येतात, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं) मात्र दर वेळी निगेटिव्ह. आधीच प्रतिजैविक घेऊन कल्चर दिलं असेल तर असं होतं. कल्चर नेहमी पहिल्या गोळीच्या आधी द्यावं. तसं नसेल तर मुंबईत क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. मूत्रमार्गाचा टीबी खोकल्याशिवाय येतो, आणि साध्या कल्चरमध्ये त्याचा जंतू उगवत नाही. त्यासाठी सकाळच्या लघवीचे सलग तीन दिवसांचे नमुने आणि सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी लागते.

अचानक बिघाडाची व्याख्या वेगळी: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं, किंवा सात दिवसांत दीडपट होणं. पुरुषाचं ०.८ वरून १.२ झालं तर दोन्ही आकडे चौकटीत, तरीही हा अचानक बिघाड आहे. जुना रिपोर्ट नसेल तर हे कुणालाच कळणार नाही. अशा वेळी ईजीएफआर बघू नये. आकडा रोज हलत असताना सूत्राला अर्थ उरत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात हा प्रसंग वारंवार येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती आणि आजही हिंदमाता किंवा कुर्ल्यात गुडघाभर पाणी साचलं की धोका तोच. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत प्रचंड दुखणं, डोळे लाल. रक्तात क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन चढलेलं, प्लेटलेट कमी, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याचं दाखवणारा आकडा) वाढलेलं. यात एक खूण फार उपयोगी: किडनी बिघडूनही पोटॅशियम बऱ्याचदा नॉर्मल किंवा कमी असतं आणि लघवी होत राहते. म्हणून ‘लघवी होतेय ना, मग ठीक’ म्हणून थांबू नका. लेप्टोची आयजीएम ही प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, डॉक्टर उपचार त्याआधीच सुरू करतात. आणि पायाला जखम असताना पाण्यातून गेला असाल तर ताप येण्याची वाट न बघता ७२ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा.

रिपोर्टनंतर

आकडा बिघडलेला आला आणि त्रास काही नाही, तर एक-दोन आठवड्यांत परत तपासा. जुनाट आजार म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकायला हवा. या काळात दुखण्याच्या गोळ्या बंद, भस्मं बंद, बाकी औषधं डॉक्टरांना विचारून. एक सोनोग्राफी करून घ्या. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर असते, दोन्ही आकसलेल्या दिसल्या तर आजार जुना आहे.

ईजीएफआर ३० च्या खाली, एसीआर ३०० च्या वर, ईजीएफआरमध्ये वर्षाला पाचपेक्षा जास्त घसरण, किंवा लघवीत रक्त टिकून राहणं, यांपैकी काहीही असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून नेफ्रोलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठी घ्या. जाताना एका कागदावर तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन अशा रकान्यांत सगळे जुने आकडे उतरवून न्या. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं, मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतलेल्यांसकट. लघवी एकदम कमी झाली, श्वास लागतोय, सतत उलट्या होतायत किंवा माणूस गुंगीत जातोय, तर मात्र कागद शोधत बसू नका; थेट कॅज्युअल्टीत न्या आणि रिपोर्ट मागाहून मोबाइलवर मागवा.